८८.३ वर मी एकटाच

३ एप्रिल २०१८, मंगळवार

हेल्गेने नवे दात बसवले. गावासाठी वाईट बातमी, माझ्यासाठी चांगली. 'स' म्हणताना शिटी वाजते, म्हणून सतरा मेचं, राष्ट्रीय दिनाचं, एकल गाणं तो यंदा गाणार नाही. एकोणीस वर्षं तोच गात होता. म्हणजे जागा रिकामी. चर्चच्या पायऱ्या, मुलांची मिरवणूक संपलेली, सगळं गाव समोर. पुरुषांच्या गायनमंडळात मी एकतीस वर्षं दुसऱ्या ओळीत उभा आहे. एकतीस वर्षांत मला कुणी एक ओळ एकट्याने म्हणायला सांगितलेली नाही. यंदा सांगतील. न सांगून जातात कुठे?

मंडळ तोर्डिसबाई चालवतात. शाळेत संगीतही त्याच शिकवतात. त्यांनी सगळ्यांना सरावाच्या फाइली ईमेलने पाठवल्या. कोण गाणार ते बारा मेच्या तालमीत जाहीर करणार म्हणे. आत्ताच का नाही? कुठंतरी पाणी मुरतंय.

धोका एकाचाच. शेजारचा ओडवार. आवाज बेताचा, पण दोन वर्षांपूर्वी त्याची बायको वारली, तेव्हापासून सगळे त्याच्याशी फार गोड वागतात.

संकल्प: रोज चाळीस मिनिटं सराव. घरी शक्य नाही. माझी बायको सिग्रुन वृद्धाश्रमात रात्रपाळी करते, दिवसा झोपते, आणि मी नुसता घसा खाकरला तरी भिंतीवर चप्पल मारते. म्हणून गाडीत. नगरपालिकेच्या पाणीखात्यात असल्यामुळे मी दिवसभर गाडीतच असतो, या पंपहाउसवरून त्या पंपहाउसवर. गाडी २००१ ची. स्टिरिओ कंपनीचाच, कॅसेट आणि सीडी दोन्ही. त्यातून फाइली वाजवायच्या, बस. शनिवारपर्यंत उरकेल.

६ एप्रिल, शुक्रवार

फाइली सीडीवर उतरवल्या. सीडी आत गेली, घरघरली, स्टिरिओने लिहिलं: डिस्क नाही. बाहेर काढली, त्याच्या तोंडासमोर धरली, पुन्हा आत. डिस्क नाही. माझ्या डोळ्यांदेखत खोटं बोलतोय. कोरी सीडी विकणाऱ्याने जुना माल गळ्यात मारला. संशय होताच. फार हसत होता.

८ एप्रिल, रविवार

माळ्यावर कॅसेट अडॅप्टर सापडला. आकार कॅसेटचा, मागून वायर, वायर फोनला लावायची. स्टिरिओला वाटतं कॅसेट वाजतेय, वाजत असतो फोन. म्हणजे स्टिरिओला फसवायचं. हे मला फार आवडलं.

दुपारी. स्टिरिओ फसत नाही. अकरा सेकंद वाजतं, मग खट्ट, बाजू पलटतो. त्या बाजूला काही नाही, पुन्हा खट्ट. मग अडॅप्टर बाहेर, जीभ काढून दाखवल्यासारखा. मी ढकलतो, तो काढतो. पाऊण तास.

सिग्रुन खिडकीतून म्हणाली, अरे, नवीन स्टिरिओ घे ना एकदाचा. तिला समजावलं की कंपनीचा स्टिरिओ काढला की गाडीची किंमत जाते. म्हणाली, कसली किंमत, गेल्या वर्षी आपण ती फुकट द्यायला निघालो होतो, कुणी हात लावला नाही. हा मुद्दा गैरलागू आहे.

१२ एप्रिल, गुरुवार

योस्टाइनच्या गॅरेजात गेलो. गेल्या वर्षी सरकारने देशभरची मोठी एफएम स्टेशनं बंद करून सगळा रेडिओ डिजिटल केला, तेव्हापासून हा माणूस गब्बर झालाय. गावातल्या प्रत्येक जुन्या गाडीत त्याने एक डबी बसवून दिली. डबी डिजिटल रेडिओ पकडते आणि गाडीतल्या जुन्या स्टिरिओला एफएमवर ऐकवते. सगळ्यांनी बसवली. मी नाही. आधी सरकार रेडिओ बंद करतं, मग योस्टाइन डब्या विकतो. या दोघांचं साटंलोटं नाही असं मला कुणी सांगू नये.

त्याला विचारलं, फोनची वायर घालायला भोक कुठाय. म्हणाला, या मॉडेलला नाहीच. मग म्हणाला, मागे सीडी चेंजरचं सॉकेट असतं, तिथे काहीतरी जुगाड होईल, पण स्टिरिओ बाहेर काढावा लागेल, गाडी ठेवून जा. ठेवून जा! म्हणजे हा माझा चांगला काढून भंगारातला बसवणार. मी म्हटलं, बघतो. तो म्हणाला, तोर्लाइफ, तू नुसता बघतोसच.

१४ एप्रिल, शनिवार

स्वतः केलं. बॅटरी सोडवली, स्टिरिओ काढला, मागे वायर जोडली, स्टिरिओ बसवला, दोन स्क्रू उरले. कंपनी जास्तीचे देत असणार. बॅटरी जोडली. पडद्यावर एकच शब्द: कोड.

चोरी होऊ नये म्हणून बॅटरी सुटली की हा चार आकडी कोड मागतो. कोड मी २००१ साली लपवला होता. फारच उत्तम लपवला होता.

माझं जन्मसाल टाकलं. चूक. सिग्रुनचं टाकलं. चूक. मग लक्षात आलं की तिचं एक वर्ष इकडचं तिकडे झालंय, सुधारून टाकलं. चूक. आता दोन तास कुलूप.

संध्याकाळी. सिग्रुनने टेलिफोनची जुनी वही आणली. म्हणाली, तुझ्या त्या उत्तरेकडच्या चुलतभावाचा नंबर चारच आकडी कसा, हे कोडं मला सतरा वर्षं पडलंय, एकदा लावूनही बघितला होता. कोड तोच निघाला. स्टिरिओ सुरू झाला. पण आवाज नाही. चेंजर जोडलेला नाही, असं म्हणतो. एवढं मात्र त्याला बरोबर दिसतं.

तिने माझ्या चुलतभावाला फोन का लावला होता?

१८ एप्रिल, बुधवार

पोस्टाने एफएम ट्रान्समीटर आला. लायटरच्या भोकात खुपसायचा, वायर फोनला. फोनमधलं गाणं तो एफएमवर सोडतो, स्टिरिओवर तोच आकडा लावला की ऐकू येतं. स्वतःचं रेडिओ स्टेशन! स्टेशन माझं, श्रोता मी. इथल्या दुकानात मिळतात ते अगदी अशक्त, कायद्याने तसेच ठेवावे लागतात म्हणे. म्हणून परदेशातून मागवला. खोक्यावर लिहिलंय, पाचपट ताकद. कायद्याला माझ्या गाडीत काय करायचंय?

आता आकडा कुठला लावायचा? एफएम या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती खरखर. ओडवारची गाडी त्याच्या दारात उभी होती. सहज आत डोकावलो. योस्टाइनच्या डबीवर चिठ्ठी चिकटवलेली: ८८.३. म्हणजे सगळ्यात चांगला आकडा याला दिला. मीही तोच लावला. एकट्याच्या बापाचा आहे का?

लख्ख आवाज. बाईंचा पियानो थेट छातीत वाजला.

२० एप्रिल, शुक्रवार

सरकारचे आभार मानायला हवेत. एफएम बंद करून सगळी हवा मला मोकळी करून दिली. काल शेडमध्ये स्वतःचं गाणं फोनवर रेकॉर्ड केलं. आज ते गाडीत लावलं आणि त्याच्याबरोबर गायलो. एका वेळी दोन मी. पाच पंपहाउसं झाली, कळलंसुद्धा नाही.

गाणं साधंच आहे. गावच्या जुन्या मास्तरांनी रचलेलं, बर्फ वितळून ओढे सुटतात त्याचं. दुसऱ्या कडव्यात एक उंच जागा आहे, ती मी थोडी खालून घेतो. मास्तरांकडून चालीत तेवढी चूक झालीय.

२३ एप्रिल, सोमवार

टपालपेटीपाशी ओडवार भेटला. म्हणाला, काय राव, जोरात चाललाय सराव! दुसऱ्या कडव्यातला तुझा 'आ' आवळला जातो बघ, जबडा सैल सोड.

माझा 'आ' याला कुठून कळला? काचा वर होत्या. शेडलाही कडी होती.

दुकानातली बाई गिऱ्हाइकाला सांगत होती, गाडीत बातम्या ऐकत असले की मधेच कुणीतरी गायला लागतं, पंपहाउसच्या वळणावर तर हमखास. मी म्हटलं, घ्या आणखी डिजिटल! पैसे मोजून घेतलंत ना, आता भोगा. ती माझ्याकडे बघतच राहिली. खरं बोललं की लोक असंच बघतात.

२८ एप्रिल, शनिवार

गावाच्या सभागृहाची वसंतातली साफसफाई. घरटी एकाने यायचंच. जो येत नाही त्याचं नाव वर्षभर निघतं, म्हणून मी गेलो. खिडक्या पुसणारे चौघे मंडळातलेच, आमचंच गाणं गुणगुणत होते. त्याला हरकत नाही. पण दुसऱ्या कडव्यात चौघांनीही ती जागा खालून घेतली. माझी जागा! बंद गाडीत मी एकट्याने शोधलेली! तोर्डिसबाई ओरडल्या, अरे हे असलं कुणी शिकवलं तुम्हाला? चौघांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा काचा पुसायला लागले.

वॉफल खाताना ओडवार जवळ सरकला. म्हणाला, तुला सांगायचं होतं, गाडीत तुझं ऐकतो मी. मी म्हटलं, माझं काय ऐकतोस, स्वतःचं ऐक. म्हणाला, तसं नव्हे रे, रेडिओवर. तेवढ्यात त्याच्याकडे कुणीतरी बादली मागायला आलं. रेडिओवर म्हणे! टोमणे मारायला शिकलाय. माझी मजल रेडिओपर्यंत गेलेली नाही हे मला माहीत आहे. चारचौघांत बोलून दाखवायची गरज नव्हती.

घरी येऊन ट्रान्समीटरला तांब्याची तार जोडली आणि टपावरच्या कॅरियरपर्यंत नेली. आवाज आणखी स्वच्छ झाला. लोकांनी जळावं खुशाल.

१ मे, मंगळवार

सुट्टी. गाडीची आतून झडती घेतली. कुणीतरी मायक्रोफोन लपवलाय, दुसरं काय असणार? सीट काढल्या, गालिचे काढले. सापडलं ते असं: तीन नाणी, केळ्याची साल (वय सांगता येणार नाही), सिग्रुनचा २००९ मध्ये हरवलेला हातमोजा. तेव्हा मी बसच्या ड्रायव्हरवर संशय घेतला होता. मायक्रोफोन नाही. म्हणजे फारच छोटा आहे.

४ मे, शुक्रवार

सापळा लावला. सिग्रुनला नाश्त्याला सांगितलं की होडी विकतोय. हे खोटं. मग शेडमध्ये कडी लावून, गाणं रेकॉर्ड केलं त्याच्याच शेवटी फोनवर बोललो की मला मुतखडा झालाय, सतरा मेला उभं राहवेल असं वाटत नाही. हेही खोटं, आणि हे मी आणि फोन सोडून कुणालाही माहीत नाही. आता बघू कुठलं खोटं बाहेर फुटतं. होडी फुटली तर घरभेदी सिग्रुन. मुतखडा फुटला तर फोन.

नीट रेकॉर्ड झालंय ना, ते गाडीत दोनदा ऐकून घेतलं.

७ मे, सोमवार

होडीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मुतखडा गावभर झालाय.

दुकानातल्या बाईने न विचारता काकडी पिशवीत टाकली, म्हणाली पाणी भरपूर प्या. तोर्डिसबाईंचा फोन आला, तब्येतीचं काही असेल तर बारा तारखेच्या आत मोकळेपणाने सांगा. संध्याकाळी ओडवार माशाच्या सुपाचं पातेलं घेऊन दारात. म्हणाला, बायकोला, बेरितला, झाला होता तेव्हा मीच करून घालायचो, गरम गरम पी, डॉक्टरकडे न्यायचं असेल तर कधीही हाक मार. पातेलं ठेवून घेतलं. प्यालो नाही. स्पर्धा ऐन तोंडावर असताना शेजारी सूप आणतो, यात काय ते समजावं. सिग्रुन दोन वाट्या प्याली. तिला अजून काही झालेलं नाही.

तिने विचारलं, तुला मुतखडा झालाय आणि मलाच पत्ता नाही? खरं ते सांगितलं. सापळा कसा लावला तेही सांगितलं, वाटलं डोक्याचं कौतुक करील. ती म्हणाली, म्हणजे तू मला तपासत होतास. मी म्हटलं, सुटलीस ना पण! त्यानंतर ती बोललेली नाही.

निष्कर्ष: फोन. सरकार, फोनवाले, कुणीतरी ऐकतंय. फोन चांदीच्या कागदात गुंडाळला. ट्रान्समीटरची वायर जायला तेवढं भोक ठेवलं.

१० मे, गुरुवार

येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी. सिग्रुनचा अबोला चौथ्या दिवशीही चालू.

शनिवारी नाव जाहीर होणार. उभं राहून चार शब्द बोलावे लागतील, म्हणून आभाराचं भाषण शेडमध्ये रेकॉर्ड करून ठेवलं. ओघात बोलत गेलो. हेल्गेची शिटी. तोर्डिसबाईंना पियानोपलीकडचं काही ऐकूच येत नाही, ते. मग ओडवार. म्हटलं, ओडवारला आवाज नाही, त्याच्याकडे मेलेली बायको आहे, आणि तिच्या जिवावर तो लोकांची कीव गोळा करत हिंडतो. म्हटलं, एक वेळ पडलो तर चालेल, पण माझी अशी कीव करू देणार नाही. हे अर्थात भाषणातून काढून टाकायचं. पण बोलून टाकल्यावर छाती हलकी झाली.

१२ मे, शनिवार, सकाळी साडेनऊ, फेरीबोटीच्या रांगेत

खाडीपलीकडच्या मंडळाबरोबर तालीम. बोट यायला वीस मिनिटं. आमच्या मंडळाच्या सहा गाड्या, आणखी पंधराएक इतर, तीन रांगांत अगदी खेटून. माझी मधोमध. वेळ आहे तर भाषण एकदा ऐकून घेतो, काय काढायचं ते ठरवतो. ऐकता ऐकताच लिहितोय. आवाज काय सुरेख येतोय! तारेची कमाल.

पुढच्या गाडीतून हेल्गे मागे वळून बघतोय. हात केला. त्याने केला नाही.

डाव्या रांगेत ओडवार, माझ्या बरोबरीला. स्टिरिओकडे हात नेला. आता परत स्टिअरिंगवर ठेवलाय. समोर बघतोय. तिकडे बघण्यासारखं काही नाही, नुसतं पाणी आहे.

पिवळ्या जाकिटातला बोटीचा माणूस काच वाजवायला येतोय. तिकिटाचं असणार.

त्याच दिवशी, संध्याकाळ

तिकिटाचं नव्हतं. तो म्हणाला, काका, तुमचं भाषण संपलं असेल तर आम्हाला हवामान ऐकायचंय.

मी म्हटलं, कुठलं भाषण? तो म्हणाला, तिन्ही रांगांत तेच लागलंय. मग त्याने टपावरच्या तारेकडे बोट केलं, माझ्या ट्रान्समीटरवरचा आकडा वाचला आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. योस्टाइनने गावातली प्रत्येक डबी ८८.३ वरच लावून दिलीय. माझा ट्रान्समीटर जवळून गेला की त्यांचा रेडिओ दबतो आणि त्यांच्या गाडीत मी लागतो.

साडेतीन आठवडे. पाच पंपहाउसं. शाळा, दुकान, डॉक्टर, चर्च. मी कुठून कुठून गेलो ते डोळ्यांसमोरून सरकत होतं, आणि स्टिरिओवर माझाच आवाज बेरितचं नाव न घेता तिच्याबद्दल बोलत होता. बंद करायला बटण सापडेना. शेवटी वायर उपटली.

बोटीवर कुणी गाडीतून उतरलं नाही. मीही नाही.

तालमीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तोर्डिसबाईंनी कागद काढला आणि मान वर न करता वाचून दाखवला. कार्यकारिणीची बैठक, बावीस मार्च. एकल गाण्यासाठी तोर्लाइफचं नाव, एकतीस वर्षांत त्याला एकदाही संधी मिळाली नाही म्हणून. एकमताने मंजूर. सूचक: ओडवार.

कागद घडी करून त्यांनी विचारलं, सुरू करायचं का?

१३ मे, रविवार

सिग्रुन बोलली. कुणीतरी तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. म्हणाली, इतकी वर्षं तुला वाटायचं लोक तुझं चोरून ऐकतात, आणि तूच घरोघर जाऊन ऐकवत होतास. मग म्हणाली, ओडवारकडे जाऊन ये. मी म्हटलं, दोन दिवस जाऊ दे. म्हणाली, तोर्लाइफ, सूप पिऊन मला आठवडा झाला, मी अजून जिवंत आहे.

दिवसभर पडदा लावून बसलो. लाज वाटते. दुसरं काही लिहायला नाही.

१५ मे, मंगळवार

पातेलं घासून घेऊन गेलो. पोचेपर्यंत तीन वाक्यं तयार केली होती, एकही आलं नाही. दारातच म्हटलं, गाणं तू म्हण. तो म्हणाला, मला नको, माझा आवाज तिथे पोचत नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, बेरितबद्दल मी जे बोललो. तो म्हणाला, हो, ते ऐकलं.

मग तो म्हणाला, कामावरून येताना तू पावणेचारच्या सुमाराला या वळणावरून जातोस. बेरित गेल्यापासून घरात शिरायची ती वेळ मला नकोशी होते. दारात गाडीतच बसून राहतो. एप्रिलमध्ये एक दिवस बातम्या चालू असताना मधेच तू लागलास. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग मी मुद्दाम थांबायला लागलो. चुकीचं गायचास, पण रोज यायचास. म्हणून तर सभागृहात सांगून टाकल्यावर परत विषय काढला नाही, म्हटलं बंद करशील.

माफी मागितली. तोंडाने, पूर्ण वाक्यात. तो म्हणाला, ठीक आहे. ठीक असेल असं मला वाटत नाही. पण त्याने पातेलं घेतलं आणि म्हणाला, 'आ' ला जबडा सैल सोड.

१७ मे, गुरुवार

गाव लोटलं होतं. झेंडे, पारंपरिक पोशाख, हातात आइस्क्रीम घेतलेली पोरं. चर्चच्या वरच्या पायरीवर माइक. मी सकाळी सहालाच जाऊन त्याच्या सगळ्या वायरी उपसून, तपासून, पुन्हा लावल्या होत्या. शनिवारनंतर कुणी सूड म्हणून छेडछाड केली असती तर? कुणी केलेली नव्हती. मी लावल्यावर मात्र माइकमध्ये जीव राहिला नाही.

हे पहिल्या ओळीनंतर कळलं. तोवर वारा सुटलेला, खालच्या रस्त्यावर शाळेचा बँड. थांबता येईना. गायलो. तिन्ही कडवी. उंच जागा मास्तरांनी लिहिली तशी, वरून घेतली. आयुष्यात एवढं चांगलं मी गायलो नसेन. पहिल्या रांगेतल्या आज्या कानामागे तळवा धरून बघत होत्या. मी तोंड मिटलं तेव्हा संपलं असं समजून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सिग्रुन म्हणाली, लांबून छान दिसत होतास.

ऐकलं ते एकट्या ओडवारने. तो माझ्या पाठीमागेच उभा होता. सॉसेजच्या रांगेत त्याला गाठून विचारलं, कसं झालं? त्याने नीट विचार केला. म्हणाला, गाडीत जास्त चांगलं वाटायचं.

त्याच्या बोलण्यात काळंबेरं शोधलं. सापडलं नाही.